सापळे भरतात, तरी हापूसमध्ये अळी येतेच: कामगंध सापळ्याचं नेमकं कुठे बिनसतं?

एप्रिल उलटायला लागला की आमच्या रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात एक तक्रार हमखास कानावर येते. फळमाशीचे सापळे टांगले, डबे काळे होईपर्यंत माश्या मेल्या, तरी गिऱ्हाइकाकडे गेलेल्या पेटीत दोन-चार फळं आतून पाणी सुटलेली आणि अळ्यांनी वळवळणारी निघाली. मग पुढच्या हंगामात सापळे वाढवले जातात, दुकान बदललं जातं, आणि मे महिन्यात परत तेच. हे नुकसान पेटीपुरतं थांबत नाही. युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतातल्या आंब्याची आयात बंद केली, त्यामागे फळमाशी होती. ती बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडला.

सापळा वाईट असतो असं मला वाटत नाही. आपण त्याच्याकडून जे मागतो ते त्याच्या हातात नसतं, एवढंच. तो माशीच्या प्रणयातल्या एका टप्प्यावर बेतलेला आहे. तो टप्पा कळला की कुठे बिनसतंय ते बागेत उभं राहूनच सापडतं.

आधी खात्री करा की अळी फळमाशीचीच आहे

साका, म्हणजे हापूसचा गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं, हे किडीचं काम नव्हे, तिथे अळी नसतेच. कोयीत भुंगा सापडला तर तोही वेगळा, त्याला हा सापळा काहीही करत नाही. फळमाशीची अळी मळकट पांढरी, बिनपायाची, एका टोकाला निमुळती. त्या टोकाला काळा ठिपका दिसतो, ते तिच्या तोंडाचे आकडे. पूर्ण वाढलेली अळी ताटलीत ठेवून थोडा वेळ बघा. ती स्वतःला कमानीसारखी वाकवते, तोंडाने शेपटाकडचं टोक धरते, आणि एकदम सोडून देऊन उडी मारते. अशी उडी दिसली की शंका उरत नाही.

फळावर मादीने टोचलेली जागा सुईच्या टोकाएवढी असते. नव्या टोचणीवर चिकाचा बारीक थेंब दिसतो, पुढे तिथे काळसर डाग पडतो. तोडणीच्या वेळी हा डाग नजरेतून सुटतो आणि आढीत फळ पिकता पिकता अळी मोठी होते. म्हणून बागेत चांगला दिसलेला आंबा पेटीत खराब निघतो.

सापळ्यातल्या माश्या उलट्या करून बघा

एक भिंग घ्या आणि सापळ्यातल्या मूठभर माश्या पांढऱ्या कागदावर ओता. मादीच्या पोटाचं टोक अणकुचीदार असतं, तिथे अंडी घालायची नळी असते. नराचं टोक बोथट, गोलसर. कागदावरच्या जवळजवळ सगळ्या माश्या बोथट टोकाच्या निघतील.

तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच आहे. आंब्याच्या सापळ्यात मिथिल युजेनॉल नावाचं वासाचं रसायन असतं आणि त्याला फक्त नर येतात. टोचणारी, अंडी घालणारी मादी त्या डब्याकडे ढुंकूनही बघत नाही. सापळा मादीला पकडत नाही, तिला जोडीदार मिळू नये एवढंच बघतो. एक नर अनेक माद्यांशी जुगतो. त्यामुळे दहातले आठ नर मेले तरी उरलेले दोघे पुष्कळ माद्यांना पुरतात. डबा भरला म्हणजे बागेत नर भरपूर होते एवढंच कळतं, किती वाचले ते त्यातून कळत नाही.

नर या वासामागे का लागतो?

ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते, आणि सापळ्याचा सगळ्यात मोठा दोषही तिच्यातच दडलेला आहे.

बहुतेक पतंगांमध्ये मादी गंध सोडते आणि नर शोधत येतो. तिच्या पोटाच्या टोकाला एक ग्रंथी असते. ठरावीक वेळी ती हे टोक बाहेर काढते आणि गंध हवेत मिसळू देते. या गंधांचं रसायन पहिल्यांदा उलगडलं ते रेशमाच्या पतंगात. जर्मनीत आडोल्फ ब्युटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथी गोळा करून १९५९ साली तो पदार्थ वेगळा केला आणि त्याला बॉम्बिकॉल म्हटलं. त्याच वर्षी अशा संदेशी रसायनांसाठी ‘फेरोमोन’ हा शब्द रूढ झाला. आपण ज्याला कामगंध म्हणतो तो त्यातलाच एक प्रकार.

आंब्यावरच्या फळमाशीत मात्र उलटं चालतं. तिथे नर गंध सोडतो आणि मादी येते. तो गंध तयार करायला लागणारा कच्चा माल नर झाडांकडून आणतो. मिथिल युजेनॉल हा तो कच्चा माल. आपल्या तुळशीत तो असतो, इतरही अनेक वनस्पतींत आणि काही आमरींच्या फुलांत असतो. नर तो चाटतो. त्याच्या शरीरात त्याचं रूपांतर दोन नव्या पदार्थांत होतं, आणि ते आतड्याच्या शेवटाजवळच्या एका पिशवीत साठतात. संध्याकाळी उजेड कमी होऊ लागला की नर पानांवर जमतात, पंख थरथरवतात आणि तो साठा बारीक धुक्यासारखा हवेत सोडतात. माद्या त्यावर येतात. ज्याच्याकडे हा साठा आहे त्याला मादी मिळण्याची शक्यता जास्त.

बिहारात पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली सिट्रोनेला तेलावर नर फळमाश्या येतात हे लिहून ठेवलं. पुढे १९१५ साली मिथिल युजेनॉलचं हे आकर्षण त्यांनीच दाखवून दिलं. आज जगभर हा सापळा वापरला जातो त्याचं मूळ आपल्याच देशातल्या निरीक्षणात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

सगळ्यात घातक बिघाड: चाटून सुटलेला नर

आता वरच्या गोष्टीचा अर्थ सापळ्याला लावून बघा. नर डब्यात आला, मिथिल युजेनॉल आणि विष मुरवलेल्या ठोकळ्यावर बसला, मिथिल युजेनॉल चाटलं आणि मेला, तर सापळ्याने काम केलं. पण ठोकळ्यातलं विष उतरलेलं असेल, किंवा घरी बाटली कापून केलेल्या सापळ्यात विष घातलंच नसेल, तर तो नर पोटभर चाटून उडून जातो. मग बागेत फिरतो तो आधीपेक्षा जास्त आकर्षक झालेला नर. थोडा वेळ चाटलं तरी त्याचा फायदा त्याला काही आठवडे मिळतो. त्यातून, एकदा चाटलेला नर पुन्हा त्या वासाकडे सहसा तितक्या ओढीने येत नाही. म्हणजे तो पुढच्या चांगल्या सापळ्यालाही चुकवतो.

जुना, कोरडा, ‘असू दे टांगलेला’ म्हणून राहिलेला सापळा याच कारणासाठी काढून टाकावा. तो निरुपयोगी नसून अपायकारक असू शकतो.

तपासणी सोपी आहे. सकाळी ऊन तापण्याआधी सापळ्याजवळ शांत उभे राहा. या माशीचे नर मिथिल युजेनॉलकडे सकाळच्या वेळी जास्त येतात. आत गेलेली माशी बाहेर येते का, एवढंच बघायचं. आत शिरलेल्या माश्या थोड्या वेळाने लटपटत खाली पडत असतील तर ठोकळा ठीक आहे. आत-बाहेर सुरू असेल तर ठोकळा त्याच दिवशी बदला. विष स्वतःच्या अंदाजाने ओतू नका. तयार ठोकळा विकत घ्या आणि हातमोजे घालून बसवा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आपल्याकडे सगळ्यांच्या परिचयाचा आहे. किती सापळे लावायचे आणि ठोकळा कधी बदलायचा ते त्यांच्या शिफारशीवरून ठरवा. मात्र कातळावरच्या उघड्या बागेत ऊन जास्त, त्यामुळे वास लवकर उडतो, हे लक्षात ठेवून सापळा सावलीतल्या खालच्या फांदीवर बांधा. मेलेल्या माश्यांसाठी मुंग्या येतात आणि डबा रिकामा करून जातात. सापळा रिकामा दिसतो पण वास ताजा आहे, अशा वेळी टांगलेल्या तारेवर मुंग्यांची रांग आहे का ते आधी पाहा.

वारा कुठून येतो?

माशी किंवा पतंग वासाच्या दिशेने सरळ चालत येत नाही. तिच्या शृंगिकांवर, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशांवर, अतिशय बारीक केस असतात. त्या केसांना छिद्रं असतात. गंधाचे रेणू छिद्रांतून आत शिरतात, आतल्या द्रवात त्यांना वाहून नेणारी प्रथिनं असतात, ती त्यांना चेतापेशीच्या टोकावरच्या ग्राहीपर्यंत पोचवतात, आणि तिथून मेंदूकडे संदेश निघतो. काम झालेला रेणू विकरं लगेच मोडून टाकतात, नाहीतर नवा वास कळायचाच नाही. रेशमाच्या नर पतंगाच्या एका शृंगिकेवर बॉम्बिकॉल ओळखणारे सुमारे सतरा हजार केस असतात, आणि बॉम्बिकॉलचा एक रेणूदेखील चेतापेशीत संदेश उठवू शकतो.

पण दिशा त्या रेणूतून कळत नाही, ती वाऱ्यातून कळते. वास लागला की कीटक वाऱ्याविरुद्ध उडतो. वासाचा धागा तुटला की पतंग आडवा, नागमोडी उडत तो पुन्हा शोधतो. वारा पडला किंवा वास भलतीकडे गेला, तर जवळचा नरही सापळ्यापर्यंत पोचत नाही.

किनाऱ्यावरच्या बागांना हे जास्त लागू आहे. आपल्याकडे रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा, आणि दिवस चढला की समुद्राकडून खारा वारा. नर सापळ्याकडे येण्याची वेळ सकाळची, म्हणजे मतलईचा शेवट आणि खाऱ्या वाऱ्याची सुरुवात यांच्या मधली. सगळे सापळे समुद्राच्या बाजूच्या गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, टांगले असतील, तर सकाळी त्यांचा वास बागेत न फिरता समुद्राकडे जातो. मी हे उदबत्तीने बघायला सांगतो. सकाळी सात-आठच्या सुमारास सापळ्याच्या उंचीवर उदबत्ती धरा. धूर आधी बारीक दोरीसारखा जातो, मग तुटतो आणि त्याचे तुकडे कलमांच्या फांद्यांतून फिरतात. वासही असाच तुकड्या-तुकड्यांनी जातो. धूर बागेत शिरत असेल तर जागा बरोबर. दाट पालवीत अडकून तिथेच घोटाळत असेल तर थोडी मोकळी फांदी निवडा. बागेच्या पूर्वेकडे आणि मध्ये काही सापळे हवेतच.

मांडवात आंब्याचा सापळा, बागेत वेलींचा

हा घोटाळा पावसाळ्यात होतो. हंगाम संपल्यावर उरलेला आंब्याचा ठोकळा पडवळ-काकडीच्या मांडवात टांगतात आणि ‘काहीच पडत नाही’ म्हणतात. वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी वेगळ्या जातीची आहे, तिचा नर क्यू-ल्यूर या वेगळ्या आमिषाला येतो, मिथिल युजेनॉलला नाही. दोडकं, कारलं, पडवळ, काकडी, चिबूड यांना क्यू-ल्यूर, आणि आंबा, पेरू, चिकूला मिथिल युजेनॉल.

वासाच्या भाषेत ही काटेकोरी किती असते याचं उदाहरण भातात दिसतं. पिवळ्या खोडकिड्याच्या मादीच्या गंधात दोन मुख्य घटक असतात, साधारण तीनास एक या प्रमाणात. असं प्रमाण बिघडलं की नराचा प्रतिसाद मंदावतो. म्हणून वेगवेगळ्या किडींच्या कामगंधाच्या गोळ्या एकाच डब्यात कोंबून ठेवू नयेत, फवारणीच्या औषधाचे हात त्यांना लावू नयेत, आणि एकाच सापळ्यात दोन किडींच्या गोळ्या टाकून पैसे वाचवू नयेत.

याच्या उलट एक नवल. आशियाई हत्तीण माजावर येताना मूत्रातून जो कामगंध सोडते, तो १९९६ साली ओळखला गेला, आणि तो निघाला शंभराहून अधिक पतंगांच्या कामगंधात सापडणारा एक ॲसिटेट. आपल्या दोडामार्गात तिलारीच्या खोऱ्यात हत्ती फिरतात, त्यांच्यातही हेच रसायन बोलत असणार. तरी घोटाळा होत नाही. पतंगाची मादी तो इतर घटकांबरोबर ठरावीक मिश्रणात आणि अत्यल्प सोडते, हत्तीण मूत्रातून पुष्कळ. ओळखायची रीतही वेगळी. हत्ती सोंडेचं टोक मूत्राला लावून ते तोंडाच्या टाळूशी नेतो, तिथे हे गंध ओळखणारं वेगळं इंद्रिय असतं. रेडा म्हशीचं मूत हुंगून वरचा ओठ वर दुमडतो तेव्हा तोही तेच करत असतो. गोठा असलेल्या घरात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

सापळा उशिरा आणि एकट्याने

पॅसिफिकमधल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावर १९६०च्या दशकात ही फळमाशी पूर्णपणे संपवली. मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे विमानातून बेटभर टाकले होते. ते जमलं याचं कारण सगळं बेट एकाच वेळी झाकलं गेलं आणि बाहेरून माशी येत नव्हती. आपली बाग बेट नाही. शेजारच्या बागेत जुगलेली मादी गडगा ओलांडून येते आणि आपल्या कलमावर अंडी घालते. तिला आता नराची गरज नाही, त्यामुळे आपल्या सापळ्यांचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. वाडीतल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावले तर त्यांची ताकद कितीतरी वाढते. निम्म्या बागा खंडाने दिलेल्या असतात, तिथे खंडकऱ्याशी हे हंगामाच्या आधीच बोलून घ्या. फळं काढणीला आल्यावर सापळा टांगणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. कैरी भरत असतानाच सापळे लागलेले हवेत, आणि शेवटच्या तोडणीनंतरही काढू नयेत, कारण पहिल्या सरींच्या सुमारास माश्या वाढतात.

आणि पडीचे आंबे. सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पडलेल्या फळातली अळी जमिनीत शिरून कोष करते आणि त्यातून नवे नर-माद्या वर येतात. बागेतला हापूस आपण उचलतो, पण गडग्याच्या पलीकडच्या रायवळाखालचा सडा तसाच राहतो. शाळेच्या आवारातल्या देशी बदामाखाली आणि परसातल्या पेरूखालीही तेच. तिथून निघणाऱ्या माश्यांना कुठलाही सापळा पुरा पडत नाही. पडीची फळं रोज गोळा करा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. शेणखड्ड्यावर नुसती टाकलीत तर तिथेच कोष होतील. निर्यातीच्या किंवा पेटीच्या निवडक फळांना कागदी पिशवी घालणं हा एकमेव उपाय असा आहे की ज्यात मादीला फळच सापडत नाही; मजुरी परवडत असेल तिथे मी तो सापळ्याच्या वर ठेवीन.

नारळाच्या वाडीत तोच हिशेब लावू नका

माड पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या आणि सोंड्या भुंग्याच्या सापळ्याबद्दल विचारणारे बरेच असतात, म्हणून थोडक्यात. इथला गंध नर सोडतो, पण तो निव्वळ कामगंध नव्हे, जमाव गोळा करणारा गंध आहे. त्याला नर आणि मादी दोघंही येतात. त्यामुळे आंब्याच्या सापळ्यातला ‘मादी येत नाही’ हा दोष इथे नाही. सोंड्याच्या बादलीत गोळीबरोबर आंबवलेलं खाद्य लागतं. ते सुकलं की पकड घटते, म्हणून पाणी घालून ओलं ठेवा आणि वरचेवर बदला.

दोष इथे वेगळा होतो. गंधाने ओढलेला प्रत्येक भुंगा बादलीत पडत नाही, काही वाटेतल्या झाडावरच उतरतात. बादली कोवळ्या रोपांच्या मधोमध ठेवली तर आजूबाजूची रोपं जास्त पोखरली जातात. ती वाडीच्या कडेला, लहान झाडांपासून दूर ठेवा. गेंड्या शेणखड्ड्यात आणि कुजलेल्या माडाच्या खोडात वाढतो, तेव्हा बादली लावण्याआधी खड्डा उपसून आतल्या जाड पांढऱ्या अळ्या वेचून काढा.